पर्यावरण कायदा आणि मानवी हक्क: पीएचडीपासून शिकवण्यापर्यंतचा माझा अनुभव

पर्यावरण कायदा आणि मानवी हक्क असं विषयाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा त्यातला एकच अर्धा भाग ऐकतो, म्हणजे एकतर झाडं वाचवणारी असं समजतो नाहीतर कैद्यांसाठी वगैरे भांडणारी, आणि दुसरीकडे या विषयात पीएचडी करायचीय, पुढे शिकवायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारणारी मुलंमुलीही हल्ली बरीच भेटतात. प्रत्येकाला तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. लांबलंय, पण हा विषय थोडक्यात मावत नाही.

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, हे दोन वेगळे पेपर होते. पर्यावरण कायद्याच्या पेपरात परवाने, उत्सर्जनाच्या मर्यादा, कुठल्या प्राधिकरणाला कुठले अधिकार, दंड किती, असं सगळं, आणि त्यात माणूस जवळपास कुठेच दिसायचा नाही. मानवी हक्कांच्या पेपरात उलट, तिथे मधोमध माणूस, पण त्या माणसाच्या भोवतालची हवा, पाणी, जमीन यांचा पत्ता नाही. माझं लक्ष या दोघांच्या मधल्या जागेकडे गेलं ते लोपेझ ओस्त्रा विरुद्ध स्पेन या १९९४ च्या निकालामुळे. लोर्का नावाच्या गावात चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं केंद्र एका बाईंच्या घरापासून फक्त १२ मीटरवर सुरू झालं, वास, धूर, घरात राहणं अशक्य. युरोपीय मानवी हक्क करारात पर्यावरण हा शब्दच नाहीये. तरी स्ट्रासबर्गच्या कोर्टाने, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, करारातलं कलम ८, म्हणजे खासगी आणि कौटुंबिक जीवन आणि घर यांचा आदर, ते घेतलं आणि सांगितलं की हा त्या कलमाचा भंग आहे, प्रदूषणामुळे घरात जगणंच मुश्कील होत असेल तर घराच्या हक्काला अर्थ काय उरला. एक शब्दही कायद्यात नसताना असलेल्या शब्दांमधून वाट काढता येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तिथेच मी ठरवलं की यातच राहायचं.

पीएचडीची सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना माझा प्रश्न खूप मोठा होता. स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा स्वतंत्र मानवी हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे का? तेव्हा, म्हणजे २०२१-२२ च्या आधी, याच प्रश्नावर सगळे लिहीत होते. १९७२ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याच्या पहिल्या तत्त्वात त्याची झाक आहे, आफ्रिकेच्या १९८१ च्या मानवी हक्कांच्या सनदेत कलम २४ मध्ये तो लोकसमूहांचा हक्क म्हणून सरळ लिहिलेला आहे, अनेक देशांच्या राज्यघटनांमध्ये आहे, पण सगळ्या जगासाठी म्हणून असा कुठला दस्तऐवज नव्हता. मी या सगळ्याची भली मोठी मांडणी करून गाईडकडे गेले. मॅडमनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "समज तू सिद्ध केलंस की हक्क आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या माणसाच्या हातात काय पडलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "ओनेरयिल्दिझ वाच. निकालाचा कायद्याचा भाग नंतर, आधी फक्त हकीकत वाच, सावकाश."

ओनेरयिल्दिझ विरुद्ध तुर्की हाही स्ट्रासबर्गच्याच कोर्टाचा निकाल. इस्तंबूलच्या उम्रानिये भागात कचरा डेपोच्या उतारावर वस्ती होती. २८ एप्रिल १९९३ ला कचऱ्यातला मिथेन वायू पेटला, स्फोट झाला, कचऱ्याचा कडा घरांवर कोसळला आणि ३९ माणसं गेली, ज्यांनी केस केली त्यांच्या घरातली नऊ. तज्ज्ञांचा अहवाल १९९१ मध्येच तयार होता, त्यात मिथेनच्या स्फोटाचा धोका स्पष्ट लिहिला होता, तो टाळायला काहीच सोय केलेली नाही हेही होतं. अहवाल सरकारी कचेऱ्यांमध्ये फिरत राहिला आणि उतारावर राहणाऱ्या लोकांपर्यंत तो कुणी नेलाच नाही. सरकारचं म्हणणं होतं की घरं बेकायदा होती. त्यावर कोर्टाने दाखवून दिलं की याच घरांकडून स्थानिक कर वसूल होत होता, म्हणजे सरकारला ती माणसं तिथे राहतात हे माहीत होतं. २००४ साली कोर्टाच्या मोठ्या पीठाने जीविताच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. मी ती हकीकत वाचून झाल्यावर बराच वेळ पुढचं पान उलटू शकले नाही. दोन वर्षं एक कागद होता, ज्यात लिहिलं होतं की ही माणसं मरू शकतात, आणि तो त्या माणसांना सोडून सगळ्यांकडे होता.

तिथून माझा सगळा अभ्यास वळला. हक्क आहे की नाही यापेक्षा कोणाला काय माहीत होतं, कधीपासून, ते कोणाला सांगितलं, कुठल्या भाषेत सांगितलं, हरकत घ्यायला किती दिवस दिले आणि हरकत घेतली तर ती ऐकली कोणी, हे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटायला लागले आणि आजही वाटतात. या क्षेत्रात याला प्रक्रियात्मक हक्क म्हणतात: माहिती मिळण्याचा, निर्णयात सहभागी होण्याचा आणि कोर्टाचं दार उघडं असण्याचा. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं दहावं तत्त्व हेच सांगतं, १९९८ च्या आरहूस कराराने ते युरोपात बंधनकारक केलं, आणि लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी २०१८ चा एस्काझू करार आला जो २२ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. बऱ्याच अभ्यासकांना हा भाग रुक्ष वाटतो, नमुने, मुदती, नोटिसा. मला मात्र ठाम वाटतं की माणसं वाचतात ती इथेच, कारण धोका आधी कळला तर माणूस घर सोडू शकतो, विरोध करू शकतो, निदान डॉक्टरकडे जाऊ शकतो, आणि नंतर मिळालेली नुकसानभरपाई यातलं काहीच परत देत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. निकाल वाचणं हे मुख्य काम. स्ट्रासबर्गच्या कोर्टाचा हुडॉक नावाचा डेटाबेस सगळ्यांसाठी खुला आहे आणि मी कित्येक महिने त्यातच राहत होते म्हटलं तरी चालेल. प्रत्येक निकालाचा एक तक्ता करायचे, त्यात कायद्याचं कलम शेवटच्या रकान्यात, आधीचे रकाने सगळे हकीकतीचे: धोका सरकारला पहिल्यांदा कधी कळला, कुठल्या कागदावरून, लोकांनी माहिती मागितली का, मिळाली का. ग्वेरा विरुद्ध इटली हा १९९८ चा निकाल या तक्त्यात बसवला तेव्हा तो वेगळाच दिसायला लागला. मानफ्रेडोनिया गावाजवळच्या रासायनिक कारखान्यात १९७६ मध्ये अपघात होऊन आर्सेनिक बाहेर पडलं होतं, तरी पुढे कित्येक वर्षं तिथल्या रहिवाशांना धोका काय आणि पुन्हा अपघात झाला तर करायचं काय ही माहितीच दिली गेली नाही, आणि केवळ ही माहिती न देणं हाच कलम ८ चा भंग ठरला. अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाचा २००६ चा क्लाउदे रेयेस विरुद्ध चिली हा निकालही असाच, जंगलतोडीच्या एका मोठ्या प्रकल्पाची माहिती मागितली आणि सरकारी समितीने दिली नाही एवढंच प्रकरण, पण त्यातून माहिती मिळवणं हा मानवी हक्क आहे हे त्या कोर्टाने मान्य केलं.

आणि हरलेल्या केसेस वाचा, हे मी प्रत्येकाला सांगते. नवीन विद्यार्थी फक्त जिंकलेल्या केसेस गोळा करतात आणि मग चित्र फार गोड दिसतं. किर्तातोस विरुद्ध ग्रीस मध्ये पाणथळ जागा नष्ट झाली, पक्षी गेले, आणि कोर्टाने सांगितलं की करार हा पर्यावरणाच्या सर्वसाधारण संरक्षणासाठी केलेला नाही, तुमच्या स्वतःच्या जीवनावर थेट परिणाम काय झाला ते दाखवा. हीथ्रो विमानतळाच्या रात्रीच्या आवाजाची हॅटन केस, तीही २००३ मध्ये मोठ्या पीठापुढे कलम ८ च्या मुद्द्यावर गेली ती हरलीच. कोर्टाची हद्द कुठे संपते ते या निकालांतून कळतं, आणि भिन्नमताचं निकालपत्रही सोडायचं नाही, कारण आज अल्पमतात असलेल्या न्यायाधीशाची मांडणी दहा वर्षांनी बहुमत होऊ शकते.

भाषेचं पण बघा. अमेरिका खंडाच्या कोर्टाचं सगळ्यात समृद्ध साहित्य स्पॅनिशमध्ये आहे. मी वाचण्यापुरती स्पॅनिश पीएचडी चालू असताना शिकले, रात्री शब्दकोश घेऊन बसायचे, बोलता आजही येत नाही, पण निकाल वाचता येतो आणि त्याने माझ्या कामाचा अर्धा पाया घातला.

दुसरं म्हणजे विज्ञान. कायद्याच्या माणसाला वाटतं की कारणसंबंध म्हणजे दोन परिच्छेदांचं प्रकरण, पण या क्षेत्रातल्या केसेस तिथेच अडकतात. कारखान्याचा धूर आहे, बाईला दमा आहे, पण हाच धूर आणि हाच दमा हे कसं दाखवणार? मी साथरोगशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडे रीतसर वेळ मागून बसायला लागले, मोजमाप केंद्र कुठे ठेवलंय, सरासरी दिवसाची की वर्षाची, जोखीम वाढणं आणि आजार होणं यात फरक काय, असलं सगळं त्यांनी अक्षरशः पहिल्यापासून शिकवलं. त्यानंतर फादेयेवा विरुद्ध रशिया हा २००५ चा निकाल मला खरा समजला. चेरेपोवेत्सच्या प्रचंड पोलाद कारखान्याशेजारी राहणाऱ्या बाईंना आपला आजार धुरामुळेच झाला हे तंतोतंत सिद्ध करता आलं नाही. पण सरकारनेच कारखान्याभोवती एक पट्टा आखला होता ज्यात कुणी राहू नये असा नियम होता, सरकारच्याच मोजणीत प्रदूषण मर्यादेच्या वर होतं, आणि या सगळ्यावरून कोर्टाने मानलं की त्या घरात राहण्याने त्यांना रोगाचा धोका नक्की वाढला होता. सरकारचे स्वतःचे कागद हाच पुरावा! म्हणजे पुन्हा तेच, फाईल कुठे आहे आणि कोणाला बघायला मिळते.

माझ्या कामात मुलाखतीही होत्या, जनसुनावण्यांना जाऊन आलेल्या लोकांच्या. नीतिविषयक समितीची परवानगी, संमतीपत्र, नावं बदलणं, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, हे सगळं भरताना खूप वेळ गेला आणि तो जायलाच हवा. आपण मुलाखत घेऊन परत येतो, पेपर छापतो, आणि तो माणूस तिथेच राहतो, त्याच कंपनीच्या, त्याच अधिकाऱ्यांच्या शेजारी. पर्यावरणासाठी लढणाऱ्यांवर हल्ले होतात, खुनापर्यंत जातात, म्हणून तर एस्काझू करारात कलम ९ खास या लोकांच्या संरक्षणासाठी आहे आणि आरहूस करारानेही २०२२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विशेष प्रतिवेदक, म्हणजे तक्रारींची दखल घेणारा तज्ज्ञ, नेमला. मी एक नियम स्वतःला घालून घेतला, ज्यांच्याशी बोलले त्यांना त्यांच्या भाषेत चार पानी सार द्यायचं, प्रबंध जमा करण्याच्या आधी, आणि त्यांना एखादा भाग काढायला हवा असेल तर काढायचा. एका बाईंनी सार वाचून सांगितलं की सुनावणीची नोटीस लागली होती हे खरं, पण ती ज्या दारावर लागली ते दार आम्ही बायका कधी ओलांडत नाही. हे एक वाक्य माझ्या प्रबंधाच्या सहाव्या प्रकरणाचा कणा झालं.

व्हायवामध्ये, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, अपेक्षित प्रश्न आला, हे संशोधन आहे की चळवळ? या क्षेत्रात हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी विचारतात, तयारी ठेवा. मी म्हणाले की माझी बाजू मी लपवलेली नाही, प्रस्तावनेत लिहिली आहे, पण माझा तक्ता कुणीही तपासू शकतो, आणि त्यात माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारे निकालही तितक्याच तपशिलाने आहेत. परीक्षकांना ते पटलं. मला स्वतःलाही वाटतं की बाजू असणं आणि पुरावा वाकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्ट नाकारणारा अभ्यासक दुसरी करत नाही याची काही खात्री नसते.

पीएचडीनंतरचा काळ कठीण असतो, हे थोडक्यात सांगते. कंत्राटी शिकवणं, एका वर्षाच्या नेमणुका, आणि पेपर पाठवायचा तर मानवी हक्कांची जर्नल्स म्हणतात हे जास्त पर्यावरणाचं आहे, पर्यावरण कायद्याची म्हणतात हे जास्त हक्कांचं आहे. उपाय एकच सापडला, प्रत्येक पेपरमध्ये त्या जर्नलच्या वाचकाला ओळखीच्या असलेल्या प्रश्नापासून सुरुवात करायची आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू न्यायचं. वेळ लागतो.

शिकवणं मात्र मला फार आवडतं. वर्गात मी मुलांना निकाल देण्याआधी फक्त हकीकतीची पानं देते आणि विचारते, यात कुणी कुणाला काय सांगायला हवं होतं आणि केव्हा. भारतातल्या, ओडिशातल्या नियमगिरी डोंगरांचं प्रकरण यासाठी उत्तम, २०१३ साली सुप्रीम कोर्टाने बॉक्साईटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. मुलं यावर तासन् तास वाद घालतात, संमती म्हणजे काय, नुसतं मत विचारणं म्हणजे संमती का, ज्यांना विचारलं त्यांना आधी काय माहीत होतं.

मग वानुआतूची गोष्ट सांगते, कारण कायद्याच्या विद्यार्थ्याला याहून बळ देणारी गोष्ट मला माहीत नाही. २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या विद्यापीठातल्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या कामातून कल्पना मांडली की हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्यं काय आहेत हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतू सरकारने ती उचलली, २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवायचा ठराव मतदान न घेता मंजूर केला, आणि २३ जुलै २०२५ ला द हेगच्या न्यायालयाने सल्लागार मत दिलं, ज्यात हवामानाचं रक्षण हे कायदेशीर कर्तव्य आहे हे तर आलंच, पण स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क बाकीचे मानवी हक्क उपभोगता यावेत यासाठी अत्यावश्यक आहे हेही आलं. मी ते वाचन थेट बघत होते आणि माझ्या डोळ्यात पाणी होतं, ते सांगायला मला काही संकोच नाही.

मधल्या काळात माझा जुना मोठा प्रश्नही जवळपास सुटला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने आणि २८ जुलै २०२२ ला आमसभेने, १६१ देश बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ, स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरणाचा हक्क मान्य केला. सहकाऱ्यांनी अभिनंदनाचे मेसेज पाठवले. आनंद झालाच, पण मॅडमचा प्रश्न तसाच समोर होता, दुसऱ्या दिवशी सकाळी काय? असा ठराव स्वतःहून बंधनकारक नसतो, तो देशांच्या कायद्यात आणि कोर्टात उतरावा लागतो. ९ एप्रिल २०२४ चा स्ट्रासबर्गच्या कोर्टाचा स्वित्झर्लंडविरुद्धचा निकाल, वयस्कर महिलांच्या संघटनेने जिंकलेला, तो सगळे हवामानाचा ऐतिहासिक निकाल म्हणून शिकवतात आणि ते बरोबरच आहे, पण मी वर्गात त्याचा दुसरा अर्धा भागही तितकाच वेळ घेऊन शिकवते: चार महिलांच्या वैयक्तिक तक्रारी पीडित असल्याच्या कसोटीवर टिकल्या नाहीत, संघटनेची टिकली, आणि देशातल्या कोर्टांनी संघटनेचं म्हणणं गांभीर्याने ऐकलंच नाही म्हणून कलम ६, म्हणजे कोर्टात दाद मागण्याच्या हक्काचाही भंग ठरला.

सध्या मी निकालानंतर काय होतं यावर काम करतेय आणि नवीन येणाऱ्यांनी इकडे यावं असं मनापासून वाटतं. पेरूमधल्या ला ओरोया गावात १९२२ पासून धातू वितळवण्याचा कारखाना, हवेत शिसं, मुलांच्या रक्तात शिसं, आणि मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात अमेरिका खंडाच्या कोर्टाने पीडितांना मोफत उपचार द्या, हवेच्या दर्जाचे निकष सुधारा असे तपशीलवार आदेश दिलेत. आता ते उपचार कोणत्या दवाखान्यात मिळतात, यादीत नाव नसलेल्या शेजाऱ्याला मिळतात का, हवेची मोजणी कोण करतं आणि तिचे आकडे गावातल्या फलकावर लागतात का, हे कुणीतरी वर्षानुवर्षं नोंदवत राहायला हवं. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर असा एक निकाल निवडा, त्यातल्या प्रत्येक आदेशासमोर एक रकाना आखा आणि तारखा भरायला लागा. स्पॅनिशच्या क्लासला मात्र आधी नाव घाला.